एक रुपयाची कपात

पाणीपुरवठ्याच्या मागणीतून
एक रुपया कमी करावा, मी लिहून दिलं.
पैशासाठी नव्हे. धोरण नामंजूर,
हे सभागृहात असंच सांगतात.

कळमनुरीच्या बाजारात शकुराबी मणियार
कुणाच्या तरी मनगटावर बांगडी सरकवत म्हणाली,
"रुपया तर मी बी सोडते, आमदारसाब.
सोडला की गेलेलं गिऱ्हाईक वळून बघतंय."

मी तिला महसुली तूट सांगत होतो,
पगार, पेन्शन, व्याज,
आणि उरलंसुरलं त्यात आमची पाइपलाइन,
तीन वर्षं कागदावरच गळणारी.
ती हिरव्या बांगड्या मोजत राहिली.

आवाजी मतदानाला अकरा सेकंद लागले होते.
वळून कुणी बघितलं नाही.
हे काही तिला सांगितलं नाही मी.

लेकीसाठी डझनभर घेतल्या.
भाव केला नाही.