आवक क्रमांक दोनशे एकोणचाळीस

यावल नगरपरिषदेत मी आवक-जावक बघतो.
कागद येतो, शिक्का मारतो.
कागद जातो, शिक्का मारतो.
मधल्या काळात कागदाचं काय होतं
ते माझ्या टेबलाचं काम नाही.

चैत्रात, भर बाराच्या उन्हात, चौघं आली.
नववीतली.
दर्शना भंगाळे, मुमताज तडवी,
तुळसा बारेला, ही वसतिगृहातली, सातपुड्यातून खाली आलेली,
आणि भूषण झांबरे, ज्याची सायकल होती.
अर्ज एका पानाचा. सोबत दोनशे पानी वही,
कव्हरवर ‘गणित’ लिहून खोडलेलं,
खाली: बाजार.

म्हटलं, वही आवकमध्ये घेता येत नाही.
मुमताज म्हणाली, मग जोडपत्र म्हणा.
म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत भाकरी खाता खाता उघडली.
सहा आठवडे बाजार, एकशे बारा बाया.
पट्टीने आखलेले रकाने:
नाव. काय विकते. घरून किती वाजता निघाली.
दिवसभरात पाणी किती वेळा प्यायली.
शून्य. शून्य. एक. शून्य.
‘चूळ भरली, थुंकून टाकली.’
शून्य.
बाहेर पारा त्रेचाळीसला टेकलेला.

मिरच्यावाल्या सुभाबाईचं बोलणं
जसंच्या तसं उतरवलेलं:
“सकायपासून पानी नही पेत मी, माय.
पेलं त जाऊ कुठी?”
एका बाईनं उत्तरच दिलं नाही, नुसती हसली,
तर तेही लिहिलेलं. हसली.

माझा तांब्या समोर होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला.
पंचवीस वर्षं मी त्याच बाजारातून
भरताची वांगी घेतो. देठ बघतो,
हातात तोलून बघतो,
दोन रुपये कमी करून घेतो.

सभेत विषय आला अगदी शेवटी, चहा झाल्यावर.
एक सदस्य म्हणाले, पोरांनो, अभ्यास करा.
एक म्हणाले, जागा कुठंय?
एक म्हणाले, इतक्या वर्षांत एक बाई तक्रार घेऊन आली नाही,
गरज आहे याला पुरावा काय?

तुळसा मागच्या बाकावरून उठली.
ती थांबून थांबून बोलते, आधी मनात
आपल्या बोलीत जुळवून घेते.
“साहेब, अकरा वाजल्यापासून मी मोजतेय.
एकोणीस वेळा इथून माणसं उठून बाहेर गेली, परत आली.
तुम्ही दोनदा.
कुठं गेला होता, कोणी विचारलं नाही.”

पंखा तेवढा फिरत राहिला.
इतिवृत्तात हे वाक्य नाही,
म्हणून इथं लिहून ठेवलं.

ठराव झाला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.
पोळा गेला. ठेकेदार दोनदा बदलला.
दर महिन्याच्या एक तारखेला दर्शना दारात:
“काका, दोनशे एकोणचाळीसचं काय झालं?”
माझ्या टेबलाचं काम नाही,
हे मी दोनदा सांगितलं.
तिसऱ्या वेळी उठलो
आणि जिना चढून बांधकाम विभागात गेलो.
त्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. मला माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर पत्र्याचं दार बसलं. निळं.
नारळ, फीत, फोटो.
फोटोत पोरं नाहीत, त्यांची त्या दिवशी चाचणी होती.

काल पुन्हा आली.
तिघी आता दहावीत, भूषणची उंची एकदम वाढलेली,
सोबत आठवीतल्या दोघी नव्या, चपला दाराबाहेर काढून
संकोचून उभ्या.
या वेळी वही शंभर पानी.
पाच बाजार. दार किती वेळ उघडं?
शून्य. शून्य. वीस मिनिटं. शून्य. शून्य.
अर्ज एका ओळीचा:
कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हे कळावे.

शाई वाळली होती.
शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली, दाबला,
उमटला नाही, पुन्हा दाबला.
“आणि जोडपत्र?”
मीच विचारलं.