खाली माणूस आहे

ग्दिन्याच्या बंदरात मी क्रेन चालवतो.
तीस टनांचा कंटेनर जहाजावरून उचलून
ट्रेलरच्या चार खुंट्यांवर असा टेकवतो
की ड्रायव्हरच्या कपातली कॉफी हिंदकळत नाही.
कानात दिवसभर यारेमाचा आवाज, वॉकीटॉकीतून:
सावकाश. खाली माणूस आहे.

घरी पोचतो तेव्हा साडेचारलाच रात्र झालेली.
स्वयंपाकघरात मेणकापडावर वही,
वहीवर याग्नाचं कपाळ.
दोनशे बावन्न भागिले सात.
तिनं लिहिलं, छत्तीस.
मी बूट काढता काढता म्हणालो, नीट बघ.
का म्हणालो?
तिनं फार पटकन लिहिलं म्हणून.
आमच्या लहानपणी बरोबर उत्तराला वेळ लागायचा.

तिनं खोडलं. चौतीस.
नीट बघ.
अडतीस.
सातचा पाढा म्हण.
सात सक बेचाळीसपाशी तिचा श्वास अडखळला
आणि माझा आवाज सुटला,
दोर तुटल्यासारखा.
हाल्श्का सुपाचा डाव हातात तसाच धरून म्हणाली,
शेजाऱ्यांचासुद्धा पाठ झाला असेल आता.

खोडून खोडून कागदाला भोक पडलं.
भोकातून मेणकापडावरचं सूर्यफूल दिसायला लागलं,
सगळं नाही, एक पिवळी पाकळी.
याग्ना तिच्याकडे बघत राहिली.
रडली नाही. तेच मला सोसेना.

मग हाल्श्कानं अंडी उकडायचं घड्याळ आणलं,
कोंबडीच्या आकाराचं.
रोज वीस मिनिटं, म्हणाली.
हे वाजलं की वही बंद, झालेलं असो नसो.
आणि तुझं तोंडही.
भोकाखाली तिनं बाईंना दोन ओळी लिहिल्या:
आजचा अभ्यास इथपर्यंत.
पुढे जे झालं तो अभ्यास नव्हता.

त्या रात्री आम्ही तिघांनी बीट सोलले.
बोटं लाल. कुणी कुणाला काही विचारलं नाही.
याग्नानं आपणहून सांगितलं
की वर्गातल्या कासवानं
दोन दिवस पाल्याला तोंड लावलेलं नाही.

वही परत आली. बाईंचं अक्षर बारीक:
भोकाला गुण देता येत नाहीत.
पण खालच्या पानावर पेन्सिलीचा ठसा उमटलाय.
छत्तीस.
पहिलं उत्तर बरोबर होतं.

केबिनमध्ये, चाळीस मीटर उंचावर,
तो भागाकार मी धुरकट काचेवर बोटानं तीनदा केला.
बाकी शून्य. तिन्ही वेळा.
एवढ्या साध्या छत्तीसवरून
मी लेकीशी छत्तीसचा आकडा मांडून बसलो होतो.

कोंबडी आता खिडकीत असते.
वाजते, वही मिटते.
सगळं सुधारलं असं नाही.
काल अपूर्णांक होते,
छेद माझ्याच लक्षात राहीना,
आणि आवाज पुन्हा चढायला लागला.

तिनं मान वर केली नाही.
पेन्सिलीला टोक काढता काढता
हुबेहूब यारेमाच्या सुरात म्हणाली:
सावकाश, बाबा.
खाली माणूस आहे.