शनिवारची नखं

शनिवारी नखं कापू नयेत म्हणतात.
आई शनिवारीच कापायची.
रविवारी उपासना, आणि उपासनेला
मातीनं भरलेली नखं घेऊन कसं यायचं माणसानं,
एवढंच तिचं शास्त्र.

अमळनेरला बोरी ओलांडली की रुळांपलीकडे
बाभळींत सात-आठ झोपड्या.
दूधवाला तिथं माप वरून ओतायचा, भांड्याला न लावता.
आई जायची, पितळी परात डोक्यावर,
कमरेला जांभळ्या औषधाची पुडी,
अर्धं पातं वर्तमानपत्रात गुंडाळून.
मिशनच्या दवाखान्यात ती आया होती.
पगार झाडण्याचा होता,
या कामाचा नव्हता.

मला एकदाच नेलं, नऊ वर्षांची असताना.
मी मोजत बसले, दुसरं काय करणार:
माणसं अकरा, नखं चौसष्ट.
आधी हात भिजवायचे,
पाणी कोमट की उकळतं हे न कळणारे हात.
म्हणून ती स्वतःचं कोपर बुडवून बघायची,
तान्ह्याच्या अंघोळीला बघतात तसं.

उखर्डू शेवटी बसायचा.
आधीची चार लेकरं गेली, तेव्हा पाचव्याला
त्याच्या मायनं घटकाभर उकिरड्यावर ठेवलं
आणि नावही तेच दिलं,
यमानं कचरा समजून पुढं जावं म्हणून.
यम गेला पुढं.
पंचविसाव्या वर्षी पाठीवर चट्टा दिसला,
आणि मायनं जिथं घटकाभर ठेवलं होतं
तिथं भावांनी कायमचं ठेवलं.
बरा झाल्याचा सरकारी कागद
तो प्लास्टिकमध्ये घालून फिरायचा.
वाचायला कुणी हातात घेत नसे.

आईच्या पुस्तकात एक ओळ होती,
उकिरड्यावरून माणूस उचलणाऱ्या देवाची.
ती आली की आई अडखळायची, पुढच्या ओळीवर उडी घ्यायची.
एकदा त्यानंच पकडलं:
"वाच ना माय. मन्हं नाव शे ना तठे?"
आणि असा हसला की परातीतलं पाणी सांडलं.

शाळेत मुली विचारायच्या,
तुझी आई भाकरी त्याच हातानं थापते?
मी सहा महिने बेकरीचे पाव खाल्ले.
आई काही बोलली नाही.
पाव आणून द्यायची. त्याच हातानं.

यंदा चैत्रात तिचं डावं अंग गेलं.
मी सुरतहून आले. गोळ्या, गादी, मालिशवाली,
सगळं बघितलं, नखं राहिली.
मूठ वळलेली, नखं तळव्यात रुतलेली.

शनिवारी भर दुपारी फाटकाशी कुणी खाकरलं.
उखर्डू. केस पांढरे, पायांत टायरच्या चपला.
कडीला हात लावला नाही त्यानं,
मी उघडेपर्यंत उन्हातच उभा.
"तिना नखं वाढी गया व्हतीन," म्हणाला,
"मले पातं धरता येत नही. पन मूठ उघाडसू."

मी परातीत पाणी ओतलं.
तिचा हात त्यानं आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला,
बोटं नसलेल्या तळव्यांत,
आणि बुडवून धरला.
हुरड्याचं कणीस चोळावं तशी मूठ सैल होत गेली.
मी कापत गेले. माझा हात त्याच्या हाताला लागत होता.
लागणारच होता.
शेजारच्या सिंधूवहिनी भिंतीवरून म्हणाल्या,
अगं, शनिवार आहे आज.
आईचं अर्धं तोंड हसलं.

तो गेल्यावर मी हात धुतले.
मग पुन्हा धुतले. खोटं कशाला लिहू.
टाकी तापलेली, नळाचं पाणी असं आलं
की चटक्यानं हात मागे ओढला,
आणि आठवलं,
परातीतलं पाणीही याच नळाचं.
कोपर बुडवून बघितलंच नव्हतं मी.

ते दोन हात आणि तिचा तिसरा,
तिन्ही न कळणारे,
किती वेळ होते त्यात.