दुरुस्तीपत्र

दर सोमवारी, चहा गार होईस्तोवर,
मी माझा आकडा बघते,
वजनकाट्यावर चढावं तशी, जणू चप्पल काढून.
आज चार हजार तीनशे बारा.
म्हणजे एवढ्या वेळा कुणी ना कुणी, कुठे ना कुठे
कंसात माझं आडनाव लिहिलं:
रानवडे आणि इतर.

इतर म्हणजे बावीस जण.
लुंडची इंग्रिड, नैरोबीचा ओटिएनो, ढाक्याच्या शाहनाज आपा,
आणि साओ पाउलोचा एक, जो मला कधीच दिसला नाही,
कॅमेरा कायम बंद, मागे कुत्रं भुंकायचं.
रात्री साडेदहाला आमची बैठक भरायची,
कारण तीच एक वेळ सगळ्यांना सारखी गैरसोयीची.
बावधनच्या फ्लॅटात कुकर धुऊन पालथा घालून
मी पी-मूल्याच्या तिसऱ्या दशांशावर भांडायचे.

इंदुमती गजरमल त्या बावीसांत नव्हती.
ती आभारांत होती, तीही नावानिशी नाही:
क्षेत्रीय कर्मचारी.
दापोडी, बोपोडी, ताडीवाला रोडच्या मागच्या गल्ल्या,
खांद्याला स्प्रिंगचा काटा, पिशवीत कापडी झोळी.
सोळाशे चाळीस बाळं तिने टांगली, उतरवली,
प्रत्येकाला म्हणाली, "झालं रे राजा, झालं झालं."
ते "झालं" कुठल्याच रकान्यात बसलं नाही.

निबंध छापून आला. गाजला.
जिनिव्हाच्या कुठल्याशा अहवालात तळटीप झाला.
संस्थेत पेढे वाटले.
इंदुमतीने अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात गुंडाळला,
आणि म्हणाली, "मॅडम, एक विचारू?
श्रावणात झोळी वाळायचीच नाही.
एकाने भिजवली की पिळून दुसऱ्याला.
ओल्या फडक्याचं वजन तुम्ही कुठं धरलं?"

कुठंच नव्हतं धरलं.
कोरडी झोळी नव्वद ग्रॅम, तेवढी वजा होती.
ओली भरली एकशे तीस.
चाळीस ग्रॅम पाणी
आम्ही पोरांच्या अंगावर मांस म्हणून लिहिलं होतं.

अडीच किलोच्या रेषेपलीकडे
सुखरूप म्हणून ठेवलेली एकोणीस बाळं
अलीकडे आली.
एव्हाना ती पळायला लागली होती.
काही.
सगळी नाही.

बावीस जणांना कळवलं.
इंग्रिड म्हणाली, निष्कर्ष तर बदलत नाही ना?
ओटिएनो म्हणाला, नसेल बदलत, तरी छाप.
साओ पाउलोहून फक्त कुत्रं.
शाहनाज आपा काहीच बोलल्या नाहीत,
दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो आला:
दोरीवर ओळीने झोळ्या, चिमटे लावलेल्या,
प्रत्येकीवर शाईने तिचं तिचं वजन.

दुरुस्तीपत्रात इंदुमतीचं नाव घालायला गेले
तर फॉर्म विचारतो: पदवी? संस्था? ईमेल?
पदवीपाशी मी रेघ ओढली, ईमेल माझाच दिला.
संस्थेचं तिला विचारलं.
"लिहा की, रमाई महिला बचत गट, दापोडी."
तेच लिहिलं. तसंच छापलं.

मूळ निबंध अजून बाळसं धरतोय,
त्याच चुकीच्या तक्त्यानिशी, दर सोमवारी.
दुरुस्तीपत्राला आजवर उद्धरणं दोन:
एक माझंच, एक ढाक्याचं.

परवा ती बँकेच्या कामाला डेक्कनला आली होती.
बसथांब्यावर तिला सांगितलं, जरा ओशाळून:
आपल्या त्या कागदाला दोनच, गं.
तिने चपलेतला खडा झटकला,
पुन्हा पाय घातला, नीट बसल्याची खात्री केली.
"दोन लागतातच, मॅडम," म्हणाली,
"एक बाळाला, एक दांडीवर."