तेरावा महिना

दुष्काळात तेरावा म्हणतात, तो महिना
येशारेगच्या घरी दरसाल येतो,
दुष्काळ असो नसो.
पगुमे त्याचं नाव. एरवी पाच दिवसांचा,
यंदा सहा, कारण लूकचं वर्ष सरतंय.
घरमालक भला, या दिवसांचं भाडं मागत नाही.
शेगडी मागते.

अदिस अबाबात, शिरो मेदाच्या चढावर,
पत्र्याखालच्या खोलीत वीज गेलेली.
गेतिनेतने मोबाइलचा दिवा पेल्यात उभा केलाय.
पलीकडे माग, त्यावर अर्धी शाल;
ती उद्या दुपारपर्यंत संपली नाही तर
पुढच्या सणापर्यंत कोणी विचारणार नाही.

बेझाची गेल्या वर्षीची भूगोलाची वही
निम्मी कोरी उरली होती.
येशारेगने ती उलटी धरलीय.
एका बाजूने नद्या, दुसऱ्या बाजूने देणी.

तेफ?
अर्धं पोतं. महागेल म्हणतात.
महागेल ते महागल्यावर लिहू. सूत?
सुताचे राहिलेत, तो थांबेल.
थांबेल म्हणजे किती?
थांबेल म्हणजे... लिही चार हजार.
बेझाची फी, वह्या, बूट.
बूट गेल्या वर्षी घेतले होते.
पाय पण गेल्या वर्षीचेच ठेवायचे का तिने?

एकुब, म्हणजे आपली भिशी, तिचा नंबर माघात होता,
आला आणि पत्र्याच्या छपरात गेला.
एदिर, म्हणजे मयताची वर्गणी,
ती चुकवायची नाही. उपाशी राहता येतं,
खांदेकऱ्यांवाचून जाता येत नाही.

मग बेरीज.
मग पुन्हा बेरीज, खालून वर.
चोवीसशे बिर कुठे दिसत नाहीत.

मत्तय म्हणे जकातदार होता,
त्याच्या वर्षी तरी ताळा बसायला हवा होता,
तेव्हाही बसला नव्हता, ती म्हणते,
आणि हसत नाही.

गेतिनेत मागाकडे बघतो.
धोटा उचलतो, ठेवतो.
महिन्याला दोनशे, म्हणतो.
वोर्कुच्या नावाचे. एदिरचे.
भरले नाहीत तर आसेलेफेचबाई नाव खोडतात,
तसा नियमच आहे, त्यांचा दोष नाही.

वोर्कु, धाकटा.
अवाशच्या पुलापर्यंत त्याचा फोन लागत होता.
त्याला आता चौदा महिने झाले,
म्हणजे पगुमे धरला तर;
कोणी धरत नाही.

दोनशे गुणिले बारा.
ताळा बसतो.
इतका चोख बसतो की खोलीत
काही वेळ दुसरं काही बसत नाही.

ती पेन्सिल ठेवते, पेन घेते.
दरमहाच्या खर्चात, मीठ आणि रॉकेलच्या मध्ये,
लिहिते : वोर्कु, दोनशे.
मिठाचं अक्षर जसं, तसंच याचंही.
तिच्या स्वतःच्याही एका डब्यात, कॉफीच्या बियांखाली,
एक आकडा आहे.
तो ती आज सांगत नाही.

कोंबडीचं काय, तो विचारतो.
कोंबडी घ्यायची.
पण...
घ्यायची. नव्या वर्षाला वाट्याला रस्सा नाही असं नको.
लोणी निम्मं.

उद्या बेझा पिवळी आदेय फुलं घेऊन
मैत्रिणींबरोबर दारोदार गाणार.
जे सुटे मिळतील ते तिचे,
जमेत धरायचे नाहीत, झोपेतूनच बजावते ती,
म्हणजे झोपली नव्हती.

पान संपलं.
शेवटची ओळ, पुढील पानावर बाकी,
आणि येशारेग पान उलटते तर
पुढे पान नाही, नदी आहे.
निळ्या खडूची अवाश, उलटी,
गावांची नावं पायांवर नाही, डोक्यावर उभी.
समुद्राला न मिळणारी नदी, खाली बेझाने लिहिलंय,
आणि बाईंनी बरोबरची खूण केलीय.

समासात थोडी जागा आहे.
ती वही जराशी तिरकी करते
आणि बाकी तिथे लिहिते,
काठाकाठाने.