पंधरा तासांचा एक

वर्गात बसून ऐकलेले पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक.
प्रयोगशाळेत उभ्याने, तीस.
वॉर्डात, कुणाच्या तरी खाटेच्या पायथ्याशी, पंचेचाळीस.
म्हणजे कानापेक्षा पाय स्वस्त,
आणि माणसाजवळ असणं सगळ्यात स्वस्त.
हे कोष्टक मी केलेलं नाही.
मी फक्त काउंटर तीनवर बसते,
रास अल खैमात, खाडीच्या अलीकडे,
एसीचं ठिबकतं पाणी बादलीत धरते
आणि संध्याकाळी कोरफडीला घालते.

दर सप्टेंबरात नव्या पोरांना सांगते:
शरीररचना आठ, जीवरसायन पाच,
अरबी दोन, नीतिशास्त्र एक.
(नीतिशास्त्र एक. हसू येतं. हसत नाही.)
अठराच्या वर घेता येणार नाहीत.
बाराच्या खाली गेलात तर व्हिसाचं बघावं लागेल.
नापास झालात तर तास गेले,
फी मात्र पुन्हा.
पोरं माना डोलावतात.
कुणाचा तरी बाप पावतीच्या पाठीवर
गुणाकार करत राहतो.

लातूरहून बहीण फोनवर विचारते,
क्रेडिट म्हणजे उधारीच ना गं?
उधारीचं पोतं सव्वा हात रितं, म्हणते,
आणि स्वतःच हसते.
मी म्हणते, नाही, श्रेय. मिळवलेलं.
मग बराच वेळ वाटत राहतं
की तिचंच बरोबर असावं.

रमजानातला मंगळवार. कचेरी दोनला बंद होणार.
इब्तिहाल आली,
खजुराच्या दुकानाच्या पिशवीत कागद घेऊन.
खार्टुममध्ये तीन वर्षं झालेली. शहाण्णव श्रेयांक.
गुणपत्रक म्हणजे मोबाइलने काढलेला
दुसऱ्या मोबाइलच्या पडद्याचा फोटो,
कडेला कुणाचा तरी अंगठा.
शिक्का? मी विचारलं. विचारावंच लागतं.
ती म्हणाली, कचेरी नाही आता.

शेवटचे सात आठवडे व्याख्यानं नव्हतीच.
अपघात विभाग होता. दिवसाला सोळा तास, रविवार नाही.
तिने वहीत रोज लिहिलं होतं,
डावीकडे नावं, उजवीकडे काय केलं ते.
काही ओळींत उजवीकडे काहीच नव्हतं.
मी सवयीने पेन्सिल उचलली.
सातशे चौऱ्याऐंशी भागिले पंचेचाळीस.
सतरा. वर एकोणीस तास उरले.

फॉर्मवर एक चौकट असते:
देखरेख करणाऱ्या डॉक्टरांची सही.
मी बोट ठेवलं.
तिने वहीचं एक पान उलटलं
आणि तिनेही बोट ठेवलं,
डावीकडच्या रांगेत.

समितीने बावीस धरले.
भाषा, संख्याशास्त्र, असले काही;
ज्यांना रक्त लागत नाही असे.
वॉर्डाचे शून्य.
कागद वाचून ती एवढंच म्हणाली,
म्हणजे शरीररचना परत आठ?
हो, म्हटलं. परत आठ.

आता ती अठरा वर्षांच्या पोरांत पहिल्या बाकावर बसते.
शिक्षक सांगतात, मांडीतली धमनी इथून जाते,
आणि ती लिहून घेते,
जणू तिला माहीत नाही
ती कुठे दाबून धरायची असते.

माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरात
ते सतरा अजून पेन्सिलीत आहेत.
एप्रिलचं पान मी फाडलेलं नाही.

काल खालच्या बकाल्यात पैसे चुकते करायला गेले.
हमजाक्काने वही काढली.
माझ्या हिशेबाखाली नवी ओळ होती:
अंडी बारा, खुब्ज दोन पाकिटं, एक शाम्पू.
कुणाचं, विचारलं. सुदानची डॉक्टरीण, म्हणाला.
तिने सही केली का?
तो माझ्याकडे बघत राहिला,
मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखा.
नाव त्याने मल्याळममध्ये लिहिलं होतं.
मला आकडे तेवढे वाचता आले.