सम्प

फोनवर लांडगेला म्हटलं, सम्प करतोय,
तर तो भोसरीत हसला ते इथे हॉलमध्ये ऐकू आलं.
"आता? रिटायर झाल्यावर? आणि मागण्या काय?"

मागणी एकच, काच. सहा मिलिमीटर.
बोहरी आळीत हकीमुद्दीनभाईंनी
हिऱ्याच्या कलमाने एक रेघ ओढली,
टेबलाच्या कडेवर टक् केलं
आणि तीस इंच म्हणजे तीसच इंच.
मी टूलरूमचा माणूस, खिशातली टेप काढून मोजलीच.
त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.
आठ तुकडे रिक्षात मांडीवर धरून आणले,
रस्त्यातला प्रत्येक खड्डा
ड्रायव्हरच्या आधी माझ्या गुडघ्यांना कळत होता.

वॉचमन म्हणाला, सम्प आहे की पार्किंगखाली,
गुरुवारी भरत नाही म्हणून तुम्हीच ओरडता.
त्याला सांगितलं, हा माशांचा.
वर टाकी, खालच्या कपाटात हा.
वर मासे नुसते दिसतात,
त्यांचं बाकी सगळं खाली चालतं,
मळ गाळणं, फेस काढणं,
शेवाळाच्या जुडीला रात्रीचा दिवा,
आणि तीन आडव्या काचा.
पहिलीच्या वरून, दुसरीच्या खालून, तिसरीच्या वरून
पाणी पुढे जातं, बुडबुडे मागे राहतात.

सिलिकॉन भरलं तर घरभर व्हिनेगरचा वास.
हिरा म्हणाली, लोणचं घातलंत का.
आठवडाभर आम्ही गॅलरीत जेवलो.

ट्रेसिंग पेपरवर चित्र काढलं होतं, मापांसकट.
त्यात वरच्या चार इंचांवर तिने बोट ठेवलं.
इथे काय?
इथे काही नाही.
मग एवढी जागा कशाला?

पंप चालू आहे तोवर पाणी वर जातं.
वीज गेली की वरचं उतरायला लागतं,
इंचभर तर इंचभर, चौदा लिटर,
अधिक नळ्यांत अडकलेलं.
ते कुठेतरी मावलं पाहिजे.
सम्पचं माप भरलेल्या पाण्यावरून धरत नाहीत,
बंद पडल्यावर जे परत येईल
त्याच्यावरून धरतात.

ती काही बोलली नाही.

एक्क्याऐंशी दिवस गेट बंद होतं त्या वर्षी.
नखांत लोखंडाचा कीस घेऊन मी भर दुपारी घरी,
बुटांसकट, आवाजासकट,
चिंचवडच्या त्या दीड खोलीत.
तिने शिवणयंत्र खिडकीकडे सरकवलं होतं
आणि रॉकेलच्या डब्याच्या जागी
एक खुर्ची.
खुर्ची आली कुठून, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

पहिल्या चाचणीला नळाचंच पाणी.
हिशेब बरोबर होता,
पण परतीच्या नळीला पाण्याच्या रेषेलगत
तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं असतं, हवा आत शिरायला,
ते राहिलं.
स्विच बंद केला आणि नळी ओढतच राहिली.
पन्नासेक लिटर.
खालच्या दातारांच्या फॉल्स सीलिंगवर
कुठल्याशा देशाचा नकाशा उमटला.
दातार वर आले, चहा घेतला, टाकीचं कौतुक केलं.
बिल दुसऱ्या दिवशी पाठवलं, टाइप करून.

मग भोक. मग मीठ, बादली बादली ढवळून.
रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावला, पस्तीस, बरोबर रेघेवर.
हिराने बोट बुडवून जिभेला लावलं. हर्णैची आहे ती.
"आमच्याकडे याहून खारट," म्हणाली,
आणि पुन्हा बोट बुडवलं.

रात्री साडेदहाला स्विच बंद केला, आपणहून.
पंपाची घरघर थांबली तशी
कोपऱ्यावर वळणारी पीएमटी ऐकू आली.
काठावरून येणारी धार पातळ झाली, तुटली,
मग थेंब.
खाली पाणी तिसऱ्या काचेवर चढलं, आणखी चढलं.
ती टॉर्च धरून उकिडवी,
मी गुडघ्यांपायी स्टुलावर.
वरच्या कडेपासून दोन बोटं खाली ते थांबलं.
तिने तिथे चिकटपट्टी लावली
आणि माझ्या पेनने तीवर लिहिलं,
इथपर्यंत.

मासे अजून आणायचेत.